मामू, आधी तुम्ही चालवून दाखवा

गेल्या वर्षी दहावीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी बहीण घरी आली. भाचा चांगल्या मार्कांनी पास झाला होता. मिठाई झाली, मुबारकबाद झाली. मग चहाचा कप खाली ठेवत ती हळूच म्हणाली, "भाई, त्याला स्कूटर हवीय. त्याचे अब्बा कुवेतहून पैसे पाठवायला तयार आहेत. तुम्ही जरा शोरूममध्ये बघून याल का?"

रत्नागिरीत हे बोलणं दर जूनमध्ये किती घरांत होत असेल, हे मी तुम्हांला सांगायला नको. अब्बा आखातात, घरी अम्मी एकटी आणि मुलगा सोळा वर्षांचा. आपण जवळ नाही तर निदान मुलाला काही कमी पडू नये, असं लांबच्या बापाला वाटतं. त्या मायेबद्दल शंका नाही. पण ५० सीसीच्या पुढची स्कूटर चालवायला १८ वर्षं पूर्ण लागतात. १ सप्टेंबर २०१९ पासून कायदा आणखी कडक झाला आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. म्हणजे कुवेतहून आलेल्या पैशांतून आपण मुलासाठी गाडी घेतो आणि अम्मीसाठी कोर्टाची पायरी.

कायदा बाजूला ठेवला तरी भीती राहतेच. आमच्याच मोहल्ल्यातला एक पंधरा वर्षांचा मुलगा चुलतभावाची गाडी घेऊन रात्री बाहेर पडला आणि वळणावर घसरला. मांडीचं हाड मोडलं. आठ महिने तो अंथरुणावर होता आणि त्याची अम्मी उशाशी. त्या घरात मी गेलो आहे. म्हणून बहिणीला म्हटलं, "दोन वर्षं थांब. तोवर त्याला सायकल घेऊन देऊ."

भाचा आतून ऐकत होता. तो बाहेर येऊन हसला. "मामू, राजिवड्यातून मारुती मंदिरापर्यंत सायकल? तो चढ पाहिलाय का? आधी तुम्ही चालवून दाखवा."

मी सत्तेचाळीस वर्षांचा. पोट पुढे आलेलं. त्याच महिन्यात डॉक्टरांनी साखर सीमारेषेवर आहे, असं सांगितलेलं. कामाचं ठिकाण मिरजोळे एमआयडीसीत, घरापासून साधारण सहा किलोमीटर. सगळ्यांसमोर म्हणून बसलो, "दाखवतो." त्या गोष्टीला आता वर्ष झालं. या वर्षात ज्या अडचणी आल्या आणि त्यांतून जे मार्ग सापडले, ते या वेळी वाचकांपुढे ठेवतो. ३ जूनला जागतिक सायकल दिन असतो. संयुक्त राष्ट्रसंघाने तो २०१८ मध्ये ठरवला. आपल्याकडे त्यानंतर चार-पाच दिवसांत पाऊस येतो, तेव्हा आपल्याला हा विषय पावसासकटच बोलावा लागतो.

चढ

आपलं गाव दोन मजली आहे. राजिवडा, मांडवी, मिरकरवाडा खाली पाण्याच्या पातळीला. मारुती मंदिर, कुवारबाव, एमआयडीसी वर सड्यावर. पहिल्या दिवशी जयस्तंभाच्या पुढे माझा दम संपला. उतरलो आणि ढकलत चाललो. शरम वाटली. तेवढ्यात मागून पाववाला आला, कॅरिअरला पावाची मोठी पेटी बांधलेली आणि हँडलला भोंगा. तो न उतरता, अगदी सावकाश, नागमोडी न जाता सरळ वर गेला. वय माझ्याहून जास्तच असेल. तेव्हा कळलं की रत्नागिरीच्या चढावर सायकल चालत नाही, हे खरं नाही. आपल्याला ती चालवता येत नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी सायकल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने दोन मिनिटांत दोन चुका दाखवल्या. पहिली सीटची. आपण पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतो आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकलला दोष देतो. सीटवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, ही खरी उंची. दुसरी हवेची. टायर अंगठ्याने दाबला जात असेल तर अर्धी ताकद रस्त्यातच जाते. आठवड्यातून एकदा पंप मारायचाच.

मग त्याने तिसरी गोष्ट सुचवली. साध्या, बिनगिअरच्या सायकलचं मागचं फ्रीव्हील बहुधा १८ दात्यांचं असतं. त्याऐवजी २० किंवा २२ दात्यांचं बसवलं, तर वेग थोडा कमी होतो पण चढ हलका होतो. चेनला एखाद-दोन कड्या वाढवाव्या लागतात. नव्या सायकलच्या मानाने खर्च किरकोळ. गिअरची सायकल असेल तर हलका गिअर चढ सुरू होण्यापूर्वीच टाकायचा. चढावर जोर देत गिअर बदलला की चेन उतरते.

एवढं करूनही पहिले पंधरा दिवस मी अर्धा चढ ढकलतच गेलो. तिसऱ्या आठवड्यात एकदाच उतरलो. महिन्याने एकदाही नाही. ज्यांचे गुडघे किंवा वय साथ देत नाही, त्यांच्यासाठी पेडल मारताना मोटर मदत करते अशा बॅटरीच्या सायकली मिळतात. मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर तिला नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही. घेताना हे दोन आकडे बिलावर लिहून घ्यावेत. त्याहून वेगवान गाडी ‘लायसन्स लागत नाही’ म्हणून कुणी विकत असेल, तर परत फिरावं.

आणि एक गोष्ट विसरू नका. सकाळी पाय लागतात, संध्याकाळी ब्रेक. घरी येताना तोच चढ उतार होतो. ब्रेकचे रबर झिजले असतील तर ते बदलल्याशिवाय सायकल दारातून बाहेर काढू नका.

घाम, कपडे आणि रोजा

ऑफिसात घामेजून पोचायचं कसं, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला गेला. उत्तर घड्याळात आहे. दहा मिनिटं लवकर निघा आणि शेवटचा किलोमीटर अगदी हळू चालवा. बॅग पाठीवर घेऊ नका, कॅरिअरला बांधा. निम्मा घाम बॅगेखालीच येतो. मी बनियनवर जुना टी-शर्ट घालून निघतो आणि इस्त्रीचा शर्ट घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवतो. पोचल्यावर वुजूसारखे हात, तोंड, पाय धुतो, अंग पुसतो, शर्ट बदलतो. पाच मिनिटांचं काम. शुक्रवारी जुम्याचा कुर्ता वेगळ्या पिशवीत असतो.

रमजानमध्ये काय केलं? पहिल्या रोजाला सायकल नेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, सहेरीची ताकद असताना, नेली आणि पूर्ण चढ चालत गेलो. परतीला उतारच होता. कडक उन्हाच्या आठ-दहा दिवशी रिक्षा केली. मात्र ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजात सायकलचं धाडस करू नये. एरवीसुद्धा अशांनी खिशात दोन खजूर ठेवावेत. साखर एकदम उतरली तर रस्त्यावर तेच कामाला येतात.

पाऊस

आपला पाऊस पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळत नाही. आषाढात आठ-आठ दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळतं. तेव्हा आधी एक गोष्ट मनात पक्की केली: रोज सायकल नेलीच पाहिजे असा नियम नाही. वीज कडाडत असेल, वाऱ्याने झाडं वाकत असतील, रस्त्यावर पाणी साचलं असेल, तर सायकल पडवीत. गेल्या पावसाळ्यात असे पंचवीसेक दिवस गेले. एक दिवस चुकला म्हणून लोक सायकल सोडून देतात, असं मी पाहिलं आहे. चुकलेला दिवस चुकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं.

उरलेल्या दिवसांसाठी थोडी तयारी लागते. पुढे-मागे पूर्ण लांबीचे मडगार्ड, नाहीतर पाठीवर चिखलाची पट्टी ठरलेली. पायांत बूट नकोत. मागे पट्टा असलेले पावसाळी सँडल बरे. कागद आणि मोबाइल दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. ऑफिसात कपड्यांचा एक जोड कायम ठेवलेला. रेनकोट भडक पिवळा किंवा केशरी, कारण पावसाच्या पडद्यात काळा रेनकोट ट्रकवाल्याला दिसत नाही.

रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाले की लगेच धरत नाहीत. थांबायचं त्या जागेच्या बऱ्याच आधीपासून हलके-हलके दाबत राहायचं, म्हणजे रिम पुसली जाते आणि मग ब्रेक लागतो. जांभ्याच्या कडांवर शेवाळ धरतं, पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं निसरडी होतात. तिथे वळायचं नाही आणि ब्रेकही मारायचा नाही. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे असं धरूनच चालायचं.

आणि गंज. खाडीचा खारा वारा आणि पाऊस मिळून महिन्याभरात चेन खातात. भिजून आल्यावर कोरड्या फडक्याने चेन पुसायची आणि आठवड्याला तेलाचे थेंब सोडायचे. सायकलच्या चेनचं तेल मिळालं तर उत्तम, नाही तर शिलाई मशीनचं चालतं. घरात हाताशी आहे म्हणून खोबरेल घालू नका. ते चिकटतं आणि सगळी धूळ धरून ठेवतं.

रस्त्याची भीती

साळवी स्टॉपच्या पुढे अवजड गाड्या सुरू होतात. पहिल्या आठवड्यात मी घाबरून अगदी गटाराला चिकटून चालवत होतो. ते जास्त धोक्याचं आहे. खड्डा आला की आपण अचानक उजवीकडे येतो आणि मागच्याला ते कळत नाही. डाव्या बाजूनेच, पण कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चालवावं. उभ्या गाड्यांपासून दार उघडेल एवढं अंतर ठेवावं. वळताना हात दाखवावा. कानात काही घालू नये. मारुती मंदिरच्या सर्कलला मी पहिले दोन महिने सरळ उतरायचो आणि चालत ओलांडायचो. आजही गर्दी असेल तर तेच करतो. गाडीवाल्यांचा रस्ता आणि सायकलवाल्याचा रस्ता एकच असला पाहिजे असंही नाही. एका रविवारी सकाळी मी भाच्याला घेऊन आतले रस्ते शोधले. एक किलोमीटर वाढला, पण ट्रक गेले.

फजरनंतर निघणाऱ्यांना कुत्र्यांचा त्रास होतो. पळवायला गेलं की ती जास्त धावतात. उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये घ्यायची आणि शांतपणे चालायचं. चार पावलांत त्यांचा रस संपतो. अंधार असेल तर मागे लाल दिवा हवाच. डोक्यावर हेल्मेट हवं. भाचा आधी नाही म्हणाला. मी घालतो हे पाहून पुढे गुपचूप घालू लागला.

हिशेब

माझी रोजची फेरी बारा किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ३०० किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर धरली तर साडेसहा लिटरच्या पुढे पेट्रोल आणि लिटरचा भाव शंभराच्या वर. महिन्याला सहज सातशे रुपये. सर्व्हिसिंग आणि विमा वेगळा. माझी पहिली सायकल विकत घेतलेलीसुद्धा नव्हती. ती चाचांच्या पडवीत सहा वर्षं गंजत होती. नव्या ट्यूब, टायर, ब्रेकचे रबर आणि ऑइलिंग एवढ्यावर ती रस्त्यावर आली. नवी घ्यायच्या आधी नात्यात विचारा, अशी एखादी निघतेच.

तब्येतीचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. माझी तेवढी मिनिटं बुधवारपर्यंत होतात. साखर अजून सीमारेषेच्या आतच आहे आणि गोळी सुरू झालेली नाही. सगळं श्रेय सायकलला देणार नाही. रात्रीचा भातही कमी केला आहे.

‘आणि मी?’

आता ज्या अडचणीबद्दल खरं लिहायचं होतं तिच्याकडे येतो. भाच्याला सायकल आली. चार महिन्यांनी त्याची धाकटी बहीण, नववीतली, मला म्हणाली, "मामू, भाईला शिकवलंत. आणि मी?"

मला उत्तर सुचलं नाही. वर्षभर मी चढ, पाऊस, गंज यांचा विचार करत होतो आणि घरातली एक मुलगी माझ्या हिशेबातच नव्हती. ती शाळेला रिक्षाने जायची. रिक्षावाल्याची सुट्टी म्हणजे हिचीही सुट्टी. संध्याकाळची गणिताची शिकवणी तिने सोडली होती, कारण परत आणायला कुणी नव्हतं. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आमच्या अम्मींनी साफ नकार दिला. "मुलगी सायकलवर? मोहल्ला काय म्हणेल?" बहीणही गप्प. मी अम्मींना एक हकिकत सांगितली. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता मोहिमेत कलेक्टर शीला राणी चुंकत यांनी बायकांना अक्षरांबरोबर सायकल शिकवायचं ठरवलं. हजारो बायका शिकल्या आणि त्यांत परंपरा पाळणाऱ्या घरांतल्या मुस्लिम मुलीही होत्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या. पुढच्या दांड्यावर मूल बसवून, मागे पाण्याची भांडी लावून त्या निघाल्या. सुरुवातीला टोमणे ऐकले, पुढे कुणी वळूनही बघेना. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सारं तिथे जाऊन लिहिलं आहे. बिहारमध्ये २००६ पासून सरकारने नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी मोजून पाहिलं, तेव्हा योग्य वयात हायस्कुलात जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. आपला तालुका त्यात येतो का, हे शाळेत जरूर विचारावं.

अम्मींना यातलं काही पटलं नाही. पटलं ते बहिणीचं एक वाक्य. ती म्हणाली, "अम्मी, तुम्ही डोक्यावर मासळीची टोपली घेऊन खाडीपासून बाजारापर्यंत पायी जायचात. तेव्हा मोहल्ला काय म्हणाला होता?" अम्मी बराच वेळ तसबीह फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "अबायाचं काय? चाकात गेला तर?"

तो प्रश्न खरा होता आणि त्याला उत्तर होतं. पुढचा दांडा खाली असलेली लेडीज सायकल, पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला साडीगार्डची जाळी. अम्मींनी स्वतः अबायाचा घेर थोडा कमी करून दिला आणि आत सलवार. ओढणीची टोकं पाठीमागे न सोडता आत खोचून पिन. हेल्मेट हिजाबवर नीट बसतं, फक्त पट्टा थोडा सैल करावा लागतो. शिकवलं बहिणीने आणि मी, असरनंतर मैदानात, पेडल काढून ठेवून. आधी नुसतं पायांनी ढकलत तोल सांभाळायचा, तोल आला की पेडल परत लावायचे. मागून सीट धरून धावण्यापेक्षा हे सोपं जातं, मोठ्या माणसांनाही. ती पाच दिवसांत शिकली. पहिले काही दिवस ती एकटी गेली नाही, मोहल्ल्यातल्या आणखी दोघी सोबत होत्या. एक गेली तर लोक बघतात, तिघी गेल्या की रस्ता देतात.

शिकवणी पुन्हा सुरू झाली आहे. सातला परत यायचं आणि पोचल्यावर फोन करायचा, एवढी अट आहे. एकदा चेन उतरली तर तिने रस्त्याच्या कडेला उभं राहून स्वतः चढवली आणि काळे हात घेऊन घरी आली. अम्मींनी तिला आधी ओरडल्या, मग हात धुवायला राख दिली.

भाचा अजून अठरा वर्षांचे महिने मोजतो आहे. लायसन्स काढेल, स्कूटर घेईल, इन्शाअल्लाह रीतसर. माझी त्याला ना नाही. पण परवा त्याच्या अब्बांचा फोन आला. ते म्हणाले, "भाई, पुढच्या सुट्टीत येतो तेव्हा माझ्यासाठीही एखादी बघून ठेवा. मुलीने सांगितलंय, अब्बा, मी तुम्हांला शिकवते."

तुमच्या घरी निकाल लागला असेल आणि स्कूटरचा विषय निघाला असेल, तर एक करून पाहा. उद्याच ऑफिसला सायकल नेऊ नका. आधी सकाळचे पाव आणा, मग जुम्याला जा, मग एखाद्या रविवारी कामाचा रस्ता रिकाम्या वेळी चालवून बघा. आणि मुलाला सायकल घेताना मुलीलाही विचारा. तुमच्या वाटेतल्या अडचणी आणि उपाय मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा.